न चालणाऱ्या जहाजाचा कॅप्टन

चूक तशी लहानच होती. वासुदेवभाऊंनी, म्हणजे मुलीच्या वडिलांनी, फोनवर विचारलं, "पोरगा जहाजावर मोठा साहेब हाये म्हणे?" आणि मी "हो जी" म्हणालो. 'मोठा' त्यांचा, 'साहेब'ही त्यांचाच. माझा फक्त 'हो'. पुढे त्यांनी फोटो मागितला, तोही मी लगेच पाठवला. कशाला पाहिजे, हे विचारायला मी विसरलो. सोयरिकीच्या बोलण्यात फोटो मागतातच, असं वाटलं.

पोरगा म्हणजे नीलेश, माझा भाचा. बहीण भद्रावतीला असते. मेहुण्यांची पाठ धरलेली, त्यामुळे मुलगी पाहायला जाण्याचं काम माझ्याकडे आलं. आमची ही शाळेत शिकवते आणि तिच्या शाळेत नेमक्या परीक्षा होत्या. निघताना तिने डबा दिला, स्वेटर दिला आणि म्हणाली, "तिकडं गेल्यावर कमी बोला." मी ऊर्जानगरच्या वीज केंद्रात कोळसा विभागात आहे. दिवसभर यंत्रांच्या आवाजात कोणाला काही ऐकू येत नाही, म्हणून मी घरी आल्यावर बोलतो. हे तिला माहीत आहे. तरी सांगते.

चांदा फोर्टहून गोंदियाची गाडी धरली. मूल स्टेशन सोडलं की दोन्ही बाजूंनी जंगल गाडीच्या जवळ येतं. दिवाळी होऊन गेलेली, धान कापणीला आलेलं. रानाच्या कडेची शेतं पिवळी पडली होती आणि बांध घातलेल्या काही बांध्यांमध्ये पुंजणे (कापलेल्या धानाच्या रचलेल्या गंजी) उभे होते. सिंदेवाहीला एक बाई शिंगाड्यांची टोपली घेऊन चढली आणि आमच्या समोर बसली. मी सोलून देणाऱ्यांपैकी नाही, सोललेलं खाणाऱ्यांपैकी आहे. नीलेश सोलत होता.

गाडीत वेळ होता म्हणून मी विचारलं, "काय रे, तुझं जहाज कोणकोणत्या देशात जातं?"

"कुठीच नाई मामा."

"कुठीच म्हणजे?"

"जात नाही. बंदराच्या तोंडाशी धक्क्याला बांधलेलं असतं. मी लागलो तेव्हापासून तिथंच आहे."

शिंगाड्यातला हात शिंगाड्यातच राहिला. चार वर्षं हा पोरगा जहाजावर होता. सगळ्या ऊर्जानगरात मी सांगत होतो की माझा भाचा जग फिरतो. मी त्याला कधी काही विचारलंच नव्हतं. सांगण्यातच वेळ गेला.

मग त्याने समजावून सांगितलं. नैसर्गिक गॅस परदेशातून आणायचा तर नुसता गॅस जहाजात किती मावणार? म्हणून तो इतका थंड करतात, की त्याचं पाणी होतं. खोलीभर गॅस दोन-तीन बादल्यांत बसतो. तो भरून दुसरी जहाजं येतात आणि याच्या जहाजाला खेटून रिकामी होतात. याचं जहाज तो द्रव पोटात साठवतं, लागेल तसा गरम करून पुन्हा गॅस करतं आणि नळातून किनाऱ्यावर पाठवतं. गोदामही तेच आणि कारखानाही तेच.

शिंगाडेवाली ऐकत होती. "गरम कायनं करता जी? चूल पेटवता का जहाजावर?"

"नाई मावशी. समुद्राच्या पाण्यानं."

"थंड्या पाण्यानं गरम?" तिने माझ्याकडे पाहिलं. पोरगा शहाणा आहे ना, असा त्या पाहण्याचा अर्थ होता.

"तो द्रव एवढा थंड असते मावशी," नीलेश म्हणाला, "का त्याच्यापुढं समुद्राचं पाणी म्हणजे चुलीवरचं आधण."

तिने मान हलवली आणि त्याला दोन शिंगाडे जास्त दिले. मला नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. वासुदेवभाऊंनी एक चित्र पाठवलं होतं. ते उघडलं आणि पटकन फोन उलटा मांडीवर ठेवला.

इथे वाचकांना थोडं सांगायला हवं. वडसा, ब्रह्मपुरी, कुरखेडा या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. मंडई म्हणजे जत्राच, पण देवापेक्षा पाहुण्यांची. दुपारी दंडार (गाणं, नाच, सोंग असा गावातल्याच पुरुषांचा खेळ), रात्री नाटक. लेकी-जावई येतात, सोयरे येतात आणि निम्म्या सोयरिकी याच गर्दीत जुळतात. मंडईचं पोस्टर छापतात; वासुदेवभाऊंच्या गावची मंडई त्याच दिवशी होती आणि पोस्टरचं काम त्यांच्याकडे होतं. त्यावर उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, दीपप्रज्वलक अशी सगळी नावं फोटोंसह असतात. पोस्टरवर नाव येणं हा इकडे मोठा मान.

त्या चित्रात सगळ्यात वर, सगळ्यांपेक्षा मोठा, आमचा नीलेश होता. डोक्यावर सोनेरी पट्ट्याची पांढरी टोपी. मागे लाटा. खाली लिहिलं होतं: 'उद्घाटक, मा. कॅप्टन नीलेशभाऊ (आंतरराष्ट्रीय जहाज)'.

"कोणाचा मेसेज?" नीलेशने विचारलं.

"मामीचा. डबा खाल्ला का म्हणून."

ब्रह्मपुरीनंतर वैनगंगेचा पूल आला. नदी रुंद, पाणी थोडं, वाळूत बगळे. एरवी या पुलावर मी वर्णन करत सुटतो. त्या दिवशी गप्प होतो, तर नीलेशने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

वडशाला उतरलो. फोन लपवता येतो, फ्लेक्स लपवता येत नाही. स्टेशनबाहेर, धानाच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रकांच्या वर, दोन खांबांच्या मध्ये कॅप्टन नीलेशभाऊ हसत उभे होते. खरे नीलेशभाऊ खाली बॅग घेऊन थांबले आणि बराच वेळ वर पाहत राहिले.

"मामा."

"बोल."

"हे तुम्ही केलं?"

"मी नुसता हो म्हणालो."

"जहाजावर कॅप्टन एकच असते मामा. तो मी नाही. मी गॅसचे पंप न् व्हॉल्व्ह पाहतो. हा फोटो आमच्या कॅप्टननं पाहिला त तो हसन. पण त्या मुलीनं पाहिला असन त ती काय समजून बसली असन?" त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मी परत जातो. खोट्यावर सोयरीक नाई करायची मले."

मी त्याला चहाच्या टपरीवर बसवलं. हात जोडले. दुपारी दंडारीच्या आधी वासुदेवभाऊंना सगळं खरं सांगतो, असा शब्द दिला. "नाई सांगितलं तुम्ही, त मी सांगीन," तो म्हणाला, "आणि तिथूनच परत फिरीन."

पोस्टरच्या कोपऱ्यात छपाईवाल्याचं नाव होतं. दुकान चौकातच निघालं. रफीकभाई चष्मा कपाळावर चढवून संगणकावर कुठल्याशा सरपंचाच्या गालावरचे डाग पुसत होते.

"टोपी कोणी लावली?" मी विचारलं.

"मीनंच," ते अभिमानाने म्हणाले. "टोपीचे पैसे नाई घेतले. भाऊ, जहाजवाला म्हणलं, आता बिना टोपीचा जहाजवाला कसा वाटन? लोक म्हणन तहसीलमधला बाबू होय."

"तो कॅप्टन नाही हो."

त्यांनी चष्मा खाली घेतला. दोन क्षण मला, एक क्षण फ्लेक्सला पाहिलं. "तुम्ही मामा होय का?"

"हो."

"वासुदेवभाऊ म्हणे, मामानं सांगतलं." मग त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "बसा. आता हे पोस्टर त गावोगावी गेले. पण चिकटपट्टी करून देतो. 'कॅप्टन'वर चिकटवा, त्यावर 'श्री' लिहितो. टोपीचं मात्र काई होत नाई. ते आता देवाच्या हातात."

पट्ट्यांचं भेंडोळं खिशात घालून आम्ही ऑटोने गावाकडे निघालो. रस्ता जंगलातून. मोहाची मोठी झाडं, मध्येच एखादी बोडी (शेताला पाणी देणारं लहान तळं), तिच्यात कमळाची पानं. नीलेश रस्त्याकडे पाहत होता. ऑटोवाला मात्र आरशातून सारखा पाहत होता आणि शेवटी म्हणालाच, "साहेब, टोपी बॅगीत हाये का?"

वासुदेवभाऊंच्या दारात पाय धुवायला पाण्याची बादली ठेवली होती. अंगण शेणानं सारवलेलं, एका बाजूला धानाची ताजी रास. वासुदेवभाऊ उंच, सावळे, पांढरं धोतर आणि त्यावर नवा शर्ट. गावातली चार माणसं आधीच येऊन बसलेली. "या जी कॅप्टनसाहेब," ते म्हणाले, आणि ज्या प्रेमाने म्हणाले त्यानंच माझी अर्धी हिंमत गेली.

उरलेली अर्धी जेवणात गेली. मी पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा ताटात मुगाचे वडे आले. दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा बोडीतल्या झिंग्यांचा (लहान कोळंबीचा) रस्सा आला. तिसऱ्यांदा "भाऊ, एक सांगायचं होतं" एवढं म्हणालो, तर ते म्हणाले, "सांगा ना जी, पण आधी भात घ्या. घरचा हाये, नवा." त्या भाताला जो वास होता, त्यापुढे खरं बोलणं अवघड होतं. नीलेश समोर बसून माझ्याकडे पाहत होता, भाताकडे नाही.

मुलगी घरात नव्हती. प्रणाली नाव. कुरखेड्याकडच्या एका उपकेंद्रात नर्स. मंडई असली तरी सकाळची ड्यूटी करूनच येणार होती. "लय सांगतलं, सुट्टी घे म्हणून," तिची आई म्हणाली. "म्हणे, बाळंतपण मंडई पाहून येते का?"

जेवणानंतर सगळे आडवे झाले. मी पट्ट्या घेऊन हळूच बाहेर पडलो. निदान चावडीच्या भिंतीवरचं पोस्टर तरी दुरुस्त करावं, म्हणजे वासुदेवभाऊंना दाखवून बोलायला सुरुवात होईल, असा बेत. एका घरासमोरची रिकामी बाज ओढली, तिच्यावर चढलो, पट्टीचा कागद सोलला. पट्टी बोटाला चिकटली. दुसऱ्या हाताने काढली, ती त्या हाताला चिकटली.

"काका, काय करून राह्यले?"

मागे स्कूटी थांबली होती. नर्सच्या गणवेशातली मुलगी, डोक्यावर हेल्मेट, पाय जमिनीवर टेकलेला. फोटो मी पाहिला होता, त्यामुळे ओळखलं. तिनेही ओळखलं असावं, कारण माझा एक हात कॅप्टनच्या टोपीवर होता.

मी बाजेवरूनच सगळं सांगितलं. तो कॅप्टन नाही, जहाज कुठे जात नाही, दोन महिने तिथे असतो आणि दोन महिने घरी, 'हो' मी म्हणालो, टोपी रफीकभाईंनी लावली. बायकोने कमी बोलायला सांगितलं होतं, हेही सांगितलं.

ती हसली नाही. हेल्मेट काढून हँडलला अडकवलं.

"मी आज नाई म्हणणार होती," ती म्हणाली. "बाबाले कॅप्टन पाह्यजे. मले माही ड्यूटी सोडून मुंबईले फ्लॅटमंदी बसून, जहाज कवा येते ते पाहत राहायचं नाई. तीन गावच्या बाया माह्या भरवशावर हायेत."

"आता तर कॅप्टन नाही."

"हे तुम्ही सांगून राह्यले. त्याईनं नाई सांगतलं." तिने हात पुढे केला. "आणा त्या पट्ट्या. वर 'कॅप्टन' लिहिलेलंच राहू द्या. माइकवर नाव पुकारल्यावर तो काय करते, ते मले पाहायचं हाये. आणि काका, त्याले काई सांगू नका."

आयुष्यात माझ्यावर अनेक जबाबदाऱ्या आल्या. इतकी अवघड एकही नव्हती. परत आलो तर नीलेशने विचारलं, "सांगितलं?" मी म्हणालो, "सांगितलं." कोणाला, ते तो विचारत नव्हता. मग वासुदेवभाऊ बाहेर आले आणि म्हणाले, "चला कॅप्टनसाहेब," तेव्हा त्याने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी इथे लिहीत नाही.

मंडईत गाव मावत नव्हतं. उसाच्या मोळ्या, शिंगाडे, फुगे, बांगड्या. रात्रीच्या नाटकाचा मंच दुपारीच बांधून झालेला आणि त्याच्याच पुढे दंडारीचे लोक पायात घुंगरू बांधून तयार. मंचावर खुर्च्यांची रांग. मला नीलेशच्या मागची मिळाली. तिथून मंचाखालचे वासुदेवभाऊ दिसत होते. सोयऱ्यांच्या मध्ये, ताठ बसलेले. आणि शिंगाड्यांच्या दुकानाशी प्रणाली, अजून गणवेशातच.

"आंतरराष्ट्रीय जहाजाचे कॅप्टन," माइक म्हणाला, "मान्यवर नीलेशभाऊ, यांना मी विनंती करतो." टाळ्या. हार. नीलेश उठला. हार गळ्यात घेतला, मग काढून हातात धरला.

"राम राम," तो म्हणाला. "मी भद्रावतीचा. जहाजावर हाये हे खरं. पण कॅप्टन नाई. ती टोपी माही नाई. मी पंप पाहतो, व्हॉल्व्ह पाहतो. आणि आमचं जहाज कुठी जात नाई. एका जागी बांधून राह्यते."

घुंगरू थांबले. मी माझ्या चपलांकडे पाहत होतो.

मागून एक म्हातारा ओरडला, "चालत नाई त त्याले जहाज काऊन म्हणते बाप्पा? धानाची कोठी म्हणा ना."

लोक हसले. नीलेशही हसला, आणि तिथून तो मोकळा झाला. "कोठीच हाये बाबाजी. दुसरे जहाज भरून आणतेत, आम्ही साठवतो. पण आमच्या कोठीत दाणा नाई, गॅस हाये, थंड करून पातळ केलेला. कोठीबी आमची न् मिलबी आमची. जसा लागन तसा मोकळा करून नळानं पाठवतो. तुम्ही धानाले युरिया टाकता ना? तो अशाच गॅसपासून बनते."

"मंग वेळेवर काऊन भेटत नाई युरिया?" दुसरा एक.

"ते माह्या व्हॉल्व्हच्या हातात नाई काका."

आता सगळी मंडई हसली. वासुदेवभाऊ हसले नाहीत. ते उठले आणि मंचाची फळी चढून वर आले. मला वाटलं, हार परत घेतात. त्यांनी माइक घेतला. "कॅप्टन मीनंच छापलं," ते म्हणाले, "पोरानं नाई." मग नीलेशकडे वळले. "रिबीन कापा जी. दंडार खोळंबली हाये."

रिबीन कापली, डफ वाजला. सोंगं आली, स्त्रीवेशातले गडी लचकत नाचले, माझ्याशेजारचे अध्यक्ष पोट धरून हसले. मला त्यातलं काही नीट दिसलं नाही. वासुदेवभाऊ संध्याकाळभर माझ्याशी बोलले नाहीत. फक्त हात धुताना एवढं म्हणाले, "मी मोठा म्हणलं, न् तुम्ही हो म्हणलं." नाटकाला त्यांनी मला पहिल्या रांगेत बसवलं, पण स्वतः चौथ्या रांगेत बसले.

सकाळी अंगणात चहा झाला. धानाच्या राशीवर चिमण्या. निघायची वेळ आली तरी सोयरिकीचा विषय कोणी काढेना. तेव्हा प्रणालीच बोलली, सगळ्यांसमोर, सरळ नीलेशला.

"तुमचं जहाज बांधून राह्यते. तुफान आलं त?"

"मंग सोडा लागते," नीलेश म्हणाला. "खोल समुद्रात न्यायचं. तुफान गेलं का परत आणून बांधायचं."

"म्हंजे चालते त."

"गरज पडली त चालते."

ती म्हणाली, "माही ड्यूटी मी सोडणार नाई."

"नका सोडू. मी दोन महिने घरी असतो ना, ते तुमच्या उपकेंद्राच्या गावातच राहीन. तुमचा डबा मी करीन. जहाजावर शिकलो थोडं."

"म्हंजे जावई इथीच ठाण मांडन?" वासुदेवभाऊंनी कप खाली ठेवला. "लोक घरजावई म्हणन जी."

प्रणालीची आई इतका वेळ दाराच्या चौकटीत होती. "काऊन?" ती म्हणाली. "जहाज एका जागी राह्यलं त चालते, न् जावई राह्यला त चालत नाई? मले त पोरगी डोळ्यापुढं दिसन."

वासुदेवभाऊंनी तिच्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, मग धानाच्या राशीकडे. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा मी घाबरलो. मग कळलं, हसत आहेत. "उरलेलं चुरणं (मळणी) होऊ द्या," ते म्हणाले. "मंग साक्षगंध (साखरपुडा) करू. पण मामा, टोपीतला फोटो बरा दिसत होता, हे तुम्हीबी माना."

मी मानलं. मान हलवून मानलं, बोललो नाही.

परतीच्या गाडीत वैनगंगेचा पूल पुन्हा आला. नीलेश खिडकीशी झोपला होता. मी पाण्याकडे पाहत विचार करत होतो. मी जन्मभर कोळशाचे ढीग यंत्रात जाताना पाहिले. ऊर्जानगरची चिमणी मैलावरून दिसते आणि मोठं काम म्हणजे असं दुरून दिसणारं, असंच मला वाटत आलं. म्हणून भाच्याचं जहाज मी मनातल्या मनात जगभर फिरवलं. ते एका जागी बांधलेलं राहून कुणाच्या चुलीपर्यंत, कुणाच्या बांधीपर्यंत पोचतं, हे मला आधी गाडीत शिंगाडे खाताना आणि मग मंचावर त्याच्या मागे बसून कळलं. आणि ती मुलगी तीन गावांना बांधून उभी आहे, तिलाही लोक 'इथंच राहिली' म्हणत असतील. दोघांची गाठ बरी पडली. यात माझं श्रेय किती, याचा हिशेब मी नागभीडपर्यंत करत होतो, मग सोडून दिला.

घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं. बाज, पट्ट्या, घुंगरू, नवा भात, काहीच गाळलं नाही. रफीकभाईंनी आठवण म्हणून दिलेलं पोस्टरही दाखवलं. तिने ते बराच वेळ पाहिलं, टोपीवर बोट फिरवलं, घडी करून कपाटात ठेवलं. मग म्हणाली, "पोरगी चांगली निवडली त्यानं. साक्षगंधाच्या पत्रिकेचा मजकूर मी सांगीन. तुम्ही तोवर तोंड धक्क्याले बांधून ठेवा. तुफान आलं त मी सोडीन."